कार्पेचेंको : मुळा आणि कोबीचा संकर करणारे शास्त्रज्ञ
नाशिक परिसरात तुम्ही कोबी लावता. मुळ्याशी त्याचा यशस्वी संकर रशियाच्या जॉर्जी कार्पेचेंको (१८९९-१९४१) यांनी १९२० च्या दशकात केला. पहिली पिढी जवळजवळ वांझ निघाली. मात्र तिच्या मोजक्या बियांत गुणसूत्रे १८ ची ३६ झाली आणि ती झाडे भरपूर बी धरू लागली. पण गड्डा भरला नाही, मुळाही पोसला नाही. वाव्हिलोव्ह यांच्या या सहकाऱ्याला १९४१ मध्ये स्टालिनच्या राजवटीने गोळ्या घातल्या.

पुढे जपानी मुळ्यातील नरवंध्यत्व कोबीवर्गात आणले, तेव्हा थंडीत पाने पिवळी पडत. पेशीसंयोग आणि ऊतीसंवर्धनाने तो दोष गेला. अशा नरवंध्य मादी वाणावर स्वतःचे परागकण पडत नाहीत. म्हणून संकरित बियाणे शुद्ध राहते आणि तुमच्या शेतात गड्डे एकसारखे येतात.