होम्सचा जनक बर्फावर

आर्थर कॉनन डॉइल म्हटले की आपल्याला शेरलॉक होम्स आठवतो. पण १८५९ साली एडिंबरोत जन्मलेले हे डॉक्टर-लेखक १८९३ मध्ये वेगळ्याच विवंचनेत होते. पत्नी लुईझा यांना क्षयाने ग्रासले होते. डॉक्टरांनी काही महिन्यांचीच आशा दिली होती. तेव्हा क्षयावर औषध नव्हते. उंचावरची कोरडी, थंड हवा हाच उपाय. म्हणून हे कुटुंब स्वित्झर्लंडमधील दाव्होसला गेले.

तेथे डॉइल यांनी नॉर्वेच्या लांब लाकडी स्की पायांना बांधल्या. सोबतीला गावातले ब्रँगर बंधू होते. लोकांच्या थट्टेमुळे हे बंधू पूर्वी अंधार पडल्यावर सराव करीत. डॉइलही पुष्कळ पडले, पण उठत राहिले. आधी जवळच्या उतारांवर सराव केला. मग मार्च १८९४ मध्ये तिघांनी सुमारे २४०० मीटर उंचीची माइनफेल्डर फुर्गा ही खिंड ओलांडून आरोसा गाठले. वसंतात पहाटे बर्फ टणक असते. ऊन चढले की ते मऊ होते आणि हिमकडे कोसळतात. म्हणून उजाडण्यापूर्वीच निघायचे! एका उभ्या उतारावर डॉइल यांच्या स्की निसटल्या. मग बसूनच घसरावे लागले. विजारीची दुर्दशा झाली.

डिसेंबर १८९४ च्या ‘स्ट्रँड’ मासिकात त्यांनी ही हकिकत हसतहसत लिहिली. लुईझा १९०६ पर्यंत जगल्या. डॉइल १९३० साली वारले. घरात आजारपण असतानाही चौतिशीतला हा नामवंत लेखक नवशिक्या व्हायला लाजला नाही. विद्या कोणतीही असो, आधी पडण्याची तयारी हवी आणि जाणत्याची सोबत हवी.