किरणांची मात्रा आणि डॉ. खानोलकर

छातीचा एक्स-रे लिहून दिला की परभणीच्या सरकारी दवाखान्यात आजही हमखास विचारणा होते, या किरणांनी कॅन्सर तर होणार नाही ना? हाच प्रश्न 1955 च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांनी पंधरा देशांच्या शास्त्रज्ञांपुढे ठेवला. त्या समितीत भारताचे प्रतिनिधी होते डॉ. वसंत रामजी खानोलकर.

जन्म 1895 चा, गोमंतक मराठा समाजातला. लंडनहून 1923 मध्ये एम.डी. होऊन ते परतले आणि मुंबईच्या ग्रँट व जी. एस. मेडिकल कॉलेजांत पॅथॉलॉजी शिकवू लागले. 1941 मध्ये टाटा हॉस्पिटल सुरू झाले, तेव्हा तिथल्या प्रयोगशाळा त्यांनी उभ्या केल्या. मायक्रोस्कोपखाली गाठ पाहून ते थांबत नसत. रोगी काय खातो, काय नेसतो, हेही विचारत. चुन्यात मळलेली तंबाखू खालच्या ओठाआड धरणाऱ्यांच्या ओठाला, चुट्ट्याचे पेटते टोक तोंडात ठेवून ओढणाऱ्यांच्या टाळूला, आणि वर्षानुवर्षे घट्ट धोतर नेसणाऱ्यांच्या कमरेला होणारा कॅन्सर त्यांनी सहकाऱ्यांसह 1945 मध्ये मांडला. काय लागते, किती लागते, किती वर्षे लागते, हा त्यांचा हिशेब होता. किरणांच्या प्रश्नालाही नेमका हाच हिशेब हवा होता.

1954 मध्ये पॅसिफिकमधल्या अमेरिकन हायड्रोजन बॉम्बची राख जपानी मच्छीमारांच्या बोटीवर पडली आणि जग हादरले. चाचण्यांची धूळ वाऱ्याबरोबर सगळीकडे पोचत होती. तिच्यातले स्ट्रॉन्शियम-90 शरीराला कॅल्शियमसारखेच वाटते, म्हणून ते हाडात जाऊन बसते. मोठ्या मात्रेचे परिणाम हिरोशिमाने दाखवले होते. अडचण होती ती लहान मात्रेची. किरण पेशीतला डीएनए तोडतात; पेशी तो बहुतेक वेळा दुरुस्त करते, क्वचित चुकीचा जोडते. पण कॅन्सर एरवीही पुष्कळांना होतोच. त्यात दोन-चार वाढले तरी ते ओळखायचे कसे? त्यासाठी लाखभर माणसे वर्षानुवर्षे मोजावी लागतात.

1958 च्या अहवालात समितीने अगदी लहान मात्राही निर्धोक मानली नाही. अपाय, विशेषतः आनुवंशिक, होऊ शकतो असे धरले. बॉम्ब फोडणारे देश समितीत बसलेले असताना हे लिहिले गेले, ही साधी गोष्ट नव्हे. 1963 मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि सोव्हिएत संघाने जमिनीवरच्या, हवेतल्या चाचण्या थांबवण्याचा करार केला. त्यामागे कारणे अनेक, पण ही धूळ त्यातले मोठे.

खानोलकर 1960 ते 63 मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते आणि कॅन्सर संशोधन केंद्रही त्यांनी चालवले.

मोजायला माणसे मात्र भारतातच होती. केरळच्या किनाऱ्यावर, करुनागप्पल्लीकडे, वाळूत थोरियम असलेले मोनाझाइट आहे. तिथले लोक पिढ्यान्‌पिढ्या जास्त किरणांत राहतात. (आपल्या मराठवाड्याच्या काळ्या दगडात थोरियम फारच थोडे.) जगात माणसाला निसर्गातून वर्षाला सरासरी 2.4 मिलिसीव्हर्ट किरण मिळतात. तिथे काही घरांत याच्या कितीतरी पट. छातीच्या एका एक्स-रेचे जास्तीत जास्त 0.1, म्हणजे पंधरवड्याचे नैसर्गिक किरण. तो नाकारण्यात शहाणपण नाही. पोटाच्या सीटी स्कॅनचे मात्र 8 ते 10, तीन-चार वर्षांचे. तो हौसेने मागून घेण्याची वस्तू नव्हे. मोबाइल टॉवरच्या लहरी या हिशेबात येतच नाहीत, त्यांच्यात डीएनए तोडण्याइतकी ताकद नसते.

करुनागप्पल्लीच्या सुमारे सत्तर हजार माणसांवर दहा वर्षांहून अधिक काळ नजर ठेवलेल्या अभ्यासाचा निकाल 2009 मध्ये छापला गेला. जास्त किरणांमुळे कॅन्सर वाढल्याचे त्यात दिसले नाही. धोका शून्य आहे असे त्याने सिद्ध होत नाही. असलाच तर इतक्या माणसांतही दिसू नये इतका लहान आहे, एवढेच. तो निकाल पाहायला खानोलकर नव्हते. 1978 च्या ऑक्टोबरात त्यांचे निधन झाले होते.