टाइपरायटरचे जनक : क्रिस्तोफर शोल्स

टायपिंगच्या वर्गात पहिल्याच दिवशी माझ्या मनात प्रश्न आला, ही अक्षरे अशी विस्कटून कोणी मांडली असतील? त्या कुतूहलातून क्रिस्तोफर लॅथम शोल्स यांचे चरित्र वाचनात आले. यंत्रापेक्षा मला तो माणूसच अधिक भावला.

शोल्स यांचा जन्म १४ फेब्रुवारी १८१९ रोजी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात झाला. लहान वयातच ते छापखान्याचे काम शिकले. पुढे विस्कॉन्सिनमध्ये त्यांनी वृत्तपत्रे चालवली, विधिमंडळात काम केले आणि त्या राज्यातून फाशीची शिक्षा रद्द व्हावी म्हणून हिरिरीने झटले.

मिलवॉकी शहरात, सॅम्युएल सोल या मित्राच्या साहाय्याने त्यांनी पुस्तकांच्या पानांवर आकडे छापणारे यंत्र तयार केले. आकडे छापता येतात, मग अक्षरे का नाहीत, असे कार्लोस ग्लिडन यांनी सुचवले आणि तिघे कामाला लागले. आरंभीचा नमुना अगदीच साधा होता. तारायंत्राच्या कळीने एकच अक्षर कागदावर उमटे. पण कल्पना खरी ठरली! २३ जून १८६८ रोजी यंत्राचे पेटंट मिळाले.

खरी कसोटी पुढेच होती. जेम्स डेन्समोर हे भांडवल घेऊन आले आणि त्यांनी नमुने प्रत्यक्ष वापरणाऱ्यांकडे धाडले. वॉशिंग्टनचे लघुलेखक जेम्स क्लेफन यांनी तर यंत्रामागून यंत्र अक्षरशः मोडून काढले आणि प्रत्येक वेळी दोषांची यादी परत पाठवली. शोल्स वैतागले. आता पुरे, असे त्यांना वाटू लागले. दोष कारखान्यात जाण्यापूर्वीच कळलेले बरे, हा डेन्समोर यांचा आग्रह मात्र सुटला नाही. सोल आणि ग्लिडन हळूहळू बाजूला झाले, शोल्स टिकून राहिले. एकामागून एक नमुने घडले. पियानोसारख्या पट्ट्या जाऊन बटणांच्या ओळी आल्या, अक्षरांच्या जागा बदलल्या. अक्षरांच्या दांड्या एकमेकींत अडकू नयेत म्हणून हे झाले, असे सर्वत्र सांगतात. तारायंत्रावर काम करणाऱ्यांच्या सोयीसाठी झाले, असे काही संशोधक मानतात.

१८७३ मध्ये बंदुका व शिवणयंत्रे करणाऱ्या रेमिंग्टन कंपनीशी करार झाला. १८७४ मध्ये बाजारात आलेल्या यंत्रावर शिवणयंत्रासारखी फुले रंगवलेली होती, काहींना पायटाही होता! किंमत १२५ डॉलर. ते फक्त मोठी अक्षरे छापी आणि छापलेली ओळ लगेच दिसतही नसे. खप बेताचाच झाला. १८७८ च्या सुधारित यंत्राने लहान अक्षरांची सोय केली. पुढे या यंत्रामुळे असंख्य स्त्रियांना कचेऱ्यांची दारे उघडली, याचे शोल्स यांना मोठे समाधान होते. स्वतःचे हक्क मात्र त्यांनी आधीच विकून टाकले होते. क्षयाने ग्रासलेले असतानाही ते सुधारणा करीतच राहिले. १७ फेब्रुवारी १८९० रोजी त्यांचे निधन झाले.

गेल्या वर्षी याच अंकासाठी लिहिलेला माझा लेख लाल खुणांनी भरून परत आला, तेव्हा मी तो रागाने फाडून टाकला होता. शोल्स यांनाही राग आला होता. पण त्यांनी पुढचा नमुना करायला घेतला. आज खिशातल्या मोबाइलवर त्यांच्याच अक्षरांची ओळ पाहताना मला तो फाडलेला कागद आठवतो. यंदाचा हा लेख मी तीनदा लिहिला आहे.