सरनोबत प्रतापराव गुजर

कोल्हापूर जिल्ह्यातील गडहिंग्लज तालुक्यात नेसरी नावाचे गाव आहे. गावाजवळच्या खिंडीत प्रतापराव गुजर व त्यांचे सहा सोबती यांचे स्मारक उभे आहे. इतिहासप्रेमी मंडळी तेथे जातात, खिंडीतून पायी फिरतात आणि त्या सात वीरांस वंदन करून परततात. कुसुमाग्रजांच्या कवितेने हे सात स्वार मराठी घराघरांत पोचविले आहेत. परंतु स्मारक एका दिवसाची गोष्ट सांगते. ज्या पुरुषाने आठ वर्षे स्वराज्याच्या घोडदळाचा भार वाहिला, त्याची खरी ओळख त्या एका दिवसावरून कशी व्हावी? सुरतेत वाढणाऱ्या आपल्या मुलामुलींनी तर ती अवश्य करून घ्यावी. कारण त्या आयुष्याची एक वाट या नगरीवरून गेलेली आहे.

प्रतापरावांचे मूळ नाव कुडतोजी. सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्यात असलेले भोसरे हे त्यांचे गाव. इ. स. १६६६ मध्ये नेताजी पालकर सरनोबतीवरून दूर झाले. सरनोबत म्हणजे फौजेचा मुख्य सेनानी. ते जोखमीचे पद शिवाजीमहाराजांनी कुडतोजींस दिले आणि प्रतापराव हा किताबही दिला. पुढे मूळ नाव मागे पडले व किताब हेच नाव झाले.

आग्र्याहून सुटका झाल्यावर महाराजांनी मोगलांशी काही काळ सलोखा राखला. त्या काळात मराठ्यांची एक फौज औरंगाबादेस शाहजादा मुअज्जम याच्या छावणीत राहिली. तिचे नेतृत्व प्रतापरावांकडे होते. कालच्या शत्रूच्या दारात आपली शिस्त सांभाळून राहणे हे काम रणांगणातील झुंजीपेक्षा सोपे नसते. इ. स. १६६९ च्या अखेरीस सलोखा मोडण्याच्या बेतास आला, तेव्हा ही फौज सुखरूप स्वराज्यात परतली.

पुढल्याच वर्षी, ३ ऑक्टोबर १६७० रोजी, महाराजांच्या फौजा दुसऱ्यांदा सुरतेवर आल्या. त्या वेळी सुरत हे मोगलांचे सर्वांत संपन्न बंदर होते. इंग्रज, डच, फ्रेंच यांच्या वखारी येथे होत्या आणि मक्केच्या यात्रेकरूंची जहाजे येथूनच सुटत. तीन दिवस शहर लुटले गेले. शहरातील रहिवाशांनी त्या दिवसांत मोठा आकांत सोसला, हे या नगरीत राहणाऱ्या आपण विसरू नये. राजा-बादशहांच्या युद्धाचा चटका नेहमी बाजारपेठेस आणि घरादारांस बसतो.

ही संपत्ती घेऊन मराठे बागलाणमार्गे परत निघाले. वाटेत मोगल सरदार दाऊदखान आडवा आला. १७ ऑक्टोबर रोजी नाशिकजवळ वणी-दिंडोरीच्या मोकळ्या मैदानात मोठी लढाई झाली. पाठीशी लादलेली जनावरे, समोर ताज्या दमाचा शत्रू, अशा अवघड प्रसंगी महाराजांच्या नेतृत्वाखाली प्रतापराव आणि इतर सरदारांनी मोगलांस रोखून धरले व खजिना सुरक्षित पार झाला.

त्याहून मोठा विजय साल्हेरचा. गुजरातच्या सीमेलगत बागलाणात असलेला हा किल्ला सुमारे १५६७ मीटर उंच आहे. त्यास मोगलांनी वेढा घातला असता, इ. स. १६७२ च्या आरंभी एका बाजूने प्रतापराव आणि दुसऱ्या बाजूने मोरोपंत पिंगळे चालून आले. सूर्यराव काकडे या लढाईत पडले. परंतु वेढा उधळला गेला. डोंगरदऱ्यांच्या आडोशाने लढणारे मराठे मोठ्या मोगली सैन्यास समोरासमोरही हरवू शकतात, हे तेथे सिद्ध झाले.

इ. स. १६७३ मध्ये मराठ्यांनी पन्हाळा घेतला. तो परत मिळविण्यास विजापूरचा सरदार बहलोलखान निघाला. प्रतापरावांनी त्यास उमराणीजवळ गाठून त्याच्या फौजेचे पाणी तोडले. तहानेने व्याकूळ झालेला खान शरण आला, आणि प्रतापरावांनी त्यास जाऊ दिले. शरणागतावर दया करणे हा वीराचा धर्म खरा. पण सुटलेला खान पुन्हा फौज घेऊन स्वराज्यावर आला. महाराजांस हे फार लागले. खानाची फौज बुडविल्याखेरीज तोंड दाखवू नये, अशा आशयाचा त्यांचा निरोप आला. तो शब्द प्रतापरावांच्या जिव्हारी लागला.

२४ फेब्रुवारी १६७४, महाशिवरात्र. बहलोलखान नेसरीजवळ असल्याचे कळताच प्रतापराव आपल्या सैन्याची वाट न पाहता सहा स्वारांनिशी त्याच्यावर तुटून पडले. दोन डोंगरांमधील अरुंद वाटेत सातही जण ठार झाले. इंग्रजांचा दुभाषी नारायण शेणवी याने त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये मुंबईस लिहिलेल्या पत्रात ही हकीकत कळविली आहे.

आठ वर्षे ज्या सेनानीने हजारोंस सांभाळले, तो त्या एका क्षणी स्वतःस सांभाळू शकला नाही. त्यांच्या शौर्यास आपण वंदन करतोच. पण सरनोबताचा प्राण त्याच्या एकट्याचा नसतो, हेही समजून घेतले पाहिजे. नायकाविना उरलेली फौज आनंदरावांनी सावरली. पुढे हंबीरराव मोहिते सेनापती झाले. ६ जून १६७४ रोजी रायगडावर राज्याभिषेक झाला, तेव्हा ज्याने त्या सिंहासनासाठी इतक्या लढाया जिंकल्या, तो पुरुष तेथे नव्हता.

महाराजांनी आपला राग मात्र पुढे बाळगला नाही. इ. स. १६८० मध्ये, आपल्या निधनापूर्वी थोडेच दिवस, त्यांनी राजाराममहाराजांचा विवाह प्रतापरावांची कन्या जानकीबाई हिच्याशी लावला. महाराजांनी आपल्या सेनानीची पारख नेसरीच्या एका दिवसावरून केली नाही. विद्यार्थिमित्रांनो, नेसरीस जाल तेव्हा त्या स्मारकापुढे अवश्य नतमस्तक व्हा; पण कधी तरी सुरतेहून साल्हेरच्या वाटेलाही लागा. प्रतापरावांची थोरवी तेथे अधिक स्पष्ट दिसेल.