‘वेताळा’चे जन्मदाते ली फॉक

मराठी लोककथांमधील वेताळ हा भुताखेतांचा राजा. ‘इंद्रजाल कॉमिक्स’ वाचून वाढलेल्या पिढीला मात्र वेताळ म्हटले की आठवतो तो कवटीच्या आकाराच्या गुहेत राहणारा, मुखवटा धारण करणारा जंगलचा रक्षक. त्याचे जन्मदाते होते अमेरिकन लेखक ली फॉक.

२८ एप्रिल १९११ रोजी सेंट लुईस येथे जन्मलेल्या फॉक यांनी १९३४ मध्ये जादूगार मॅन्ड्रेकची चित्रकथा वृत्तपत्रांतून सुरू केली. १७ फेब्रुवारी १९३६ रोजी त्यांचा ‘फँटम’ वाचकांसमोर आला, तेव्हा ते अवघे २४ वर्षांचे होते. पित्यामागून पुत्राने तोच मुखवटा चढवायचा, म्हणून जगाला तो अमर वाटायचा, ही कल्पना वाचकांना भावली. चित्रे रे मूर, विल्सन मॅकॉय, साय बॅरी यांनी काढली. कथा मात्र फॉक यांचीच राहिली. नाट्यनिर्मिती व दिग्दर्शन सांभाळून त्यांनी हे लेखन केले.

१९६४ मध्ये टाइम्स ऑफ इंडिया समूहाने ‘इंद्रजाल’ मालिका सुरू केली आणि फँटम मराठीत ‘वेताळ’ झाला. मूळ कथेतील ‘बंगाली’ देश व ‘सिंग’ चाचे भारतीय वाचकांना खटकले असते. म्हणून त्यांचे ‘डेंकाली’ आणि ‘सिंगा’ झाले. १९९० मध्ये ही मालिका बंद पडली.

रुपेरी पडद्याने या नायकाला फारसा न्याय दिला नाही. १९४३ मध्ये कोलंबिया कंपनीने १५ भागांची चित्रमालिका काढली. पूर्ण लांबीच्या चित्रपटासाठी १९९६ साल उजाडावे लागले. सायमन विन्सर दिग्दर्शित या चित्रपटात बिली झेन नायक होता आणि कथानक फॉक यांच्या सुरुवातीच्या कथांवर बेतलेले होते. तरीही अमेरिकेतील तिकीटबारीवर निर्मितीचा खर्चही वसूल झाला नाही. साठ वर्षे वृत्तपत्रांत रोज भेटणारा नायक दोन तासांत मावला नाही.

फॉक तेव्हा ८५ वर्षांचे होते. या अपयशानंतरही त्यांची लेखणी थांबली नाही. १३ मार्च १९९९ रोजी न्यूयॉर्क येथे त्यांचे निधन झाले, तोवर दोन्ही चित्रकथांचे लेखन तेच करीत होते. पुढे ‘फँटम’ची लेखणी इतरांनी हाती घेतली. एक वेताळ गेला की दुसऱ्याने त्याची जागा घ्यायची, हा त्यांनीच घालून दिलेला नियम होता.