नीळकंठशास्त्री (नेहेम्या) गोऱ्हे
नीळकंठशास्त्री ऊर्फ नेहेम्या गोऱ्हे (इ.स. १८२५ – इ.स. १८९५) हे संस्कृत पंडित व अँग्लिकन धर्मगुरू होते. बुंदेलखंडातील चित्पावन कुटुंबात जन्मलेले गोऱ्हे काशीत वाढले. ख्रिस्ती मताच्या खंडनार्थ त्यांनी ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ हा संस्कृत ग्रंथ रचला. परंतु मिशनरी विल्यम स्मिथ यांच्याशी वाद करता करता ते स्वतःच त्या मताकडे ओढले गेले. इ.स. १८४८ मध्ये जौनपूर येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पत्नीचे लवकरच निधन झाले. मागे राहिलेली कन्या एलन पुढे इंग्रजी कवयित्री झाली.

गोऱ्हे स्वभावाने अबोल, भिडस्त आणि कमालीचे शंकेखोर होते. धर्मांतरानंतरही शंकांनी त्यांची पाठ सोडली नाही. तरीही आपली श्रद्धा त्यांनी कधी झाकून ठेवली नाही. वक्तृत्वापेक्षा मुद्देसूद चर्चा व लेखन हेच त्यांचे खरे बळ. हिंदी ‘षड्दर्शनदर्पण’ (१८६०) या ग्रंथात त्यांनी षड्दर्शनांची चिकित्सा केली. प्रतिपक्षाच्या शास्त्रांचा इतका सखोल अभ्यास तत्कालीन मिशनरी वाङ्मयात विरळाच. इ.स. १८७० मध्ये त्यांना पूर्ण धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली. इ.स. १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतलेल्या पंडिता रमाबाईंनी आपल्या शंकानिरसनाचे श्रेय पुढे गोऱ्ह्यांच्या लेखनाला दिले. मुंबईत त्यांचे निधन झाले.