विश्लेषण : बैलगाडीवरचे पेट्रोल आणि जेआरडींचे विमान… छोट्या विमानात इंधनाचा हिशेब का चुकतो?

भडगाव : धुळे, शिरपूर आणि जळगाव अशा तिन्ही ठिकाणी वैमानिक प्रशिक्षण सुरू झाल्यापासून खान्देशच्या आकाशात छोटी विमाने नवलाची राहिलेली नाहीत. गिरणाकाठच्या शेतातला माणूस मान वर करून बघतो आणि पुन्हा निंदणीला लागतो. जुलै २०२१ मध्ये चोपडा तालुक्यातील वर्डी शिवारात शिकाऊ विमान कोसळून प्रशिक्षक वैमानिकाचा मृत्यू झाला. त्या अपघाताची चिकित्सा येथे करायची नाही. पण इंजिन हवेतच बंद पडले तर पुढे काय, हा साधा प्रश्न अशा वेळी निघतोच. त्याचे उत्तर जेआरडी टाटा यांच्या वैमानिक आयुष्याच्या अंगाने समजून घेणे सोपे जाते. उद्योगपती जेआरडी सर्वांना माहीत आहेत, पेट्रोलचे डबे मोजणारे जेआरडी तितकेसे नाहीत.

विमानाचे वेड कुठून आले?

जहांगीर रतनजी दादाभॉय टाटा यांचा जन्म २९ जुलै १९०४ रोजी पॅरिसमध्ये झाला. आई फ्रेंच. इंग्लिश खाडी विमानातून प्रथम ओलांडणारे लुई ब्लेरिओ यांचे घर टाटा कुटुंबाच्या फ्रान्समधील समुद्रकाठच्या घराजवळ होते. पंधराव्या वर्षी जेआरडींना तेथेच विमानात बसायला मिळाले. पुढे मुंबईत फ्लाइंग क्लब निघाला आणि ते जवळजवळ लगेच तेथे दाखल झाले. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना मिळालेला वैमानिक परवाना भारतात दिला गेलेला पहिला.

१९३० ची शर्यत काय शिकवते?

इंग्लंड ते भारत हे अंतर एकट्याने उडून जाणाऱ्या पहिल्या भारतीयास आगाखान यांनी ५०० पौंडांचे बक्षीस जाहीर केले होते. जेआरडी मे १९३० मध्ये जिप्सी मॉथ विमान घेऊन कराचीहून इंग्लंडकडे निघाले. अवघे सतरा वर्षांचे अस्पी इंजिनीअर उलट दिशेने येत होते. इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळच्या अबुकीर तळावर दोघांची गाठ पडली. अस्पींचे विमान स्पार्क प्लगअभावी अडकून पडले होते. जेआरडींनी जवळचे जादा प्लग देऊन टाकले. अस्पींनी आपले लाइफ जॅकेट त्यांना दिले, कारण जेआरडींपुढे भूमध्य समुद्र होता. अस्पी आधी पोहोचले आणि बक्षीस त्यांनाच मिळाले. हेच अस्पी पुढे भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले.

हा किस्सा खिलाडूवृत्तीचा म्हणून सांगितला जातो, तो आहेही. पण त्यात दुसरी गोष्ट आहे. बरोबर काय, किती आणि कशासाठी घ्यायचे, याचा विचार निघण्याआधीच झालेला असला पाहिजे.

त्याच महिन्यात एमी जॉन्सन ही इंग्रज वैमानिक तशाच विमानातून ऑस्ट्रेलियाला निघाली होती. कराचीहून अलाहाबादला जाताना पेट्रोल पुरेना म्हणून तिला झाशीत लष्कराच्या परेड मैदानावर उतरावे लागले. पंखाला इजा झाली, जीव वाचला आणि दुरुस्ती करून ती पुढे डार्विनला पोहोचली. म्हणजे इंधन कमी पडणे हा केवळ नवशिक्यांचा दोष नव्हे.

बैलगाडीचे काय प्रकरण होते?

नेव्हिल व्हिन्सेंट या ब्रिटिश वैमानिकाच्या कल्पनेतून टाटांची टपाल विमानसेवा उभी राहिली. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जेआरडी कराचीहून पस मॉथ विमानात टपाल घेऊन निघाले. विमानात रेडिओ नव्हता, दिशा दाखवणारी यंत्रणा जमिनीवर नव्हती. अहमदाबादला विमान उतरले तेव्हा बर्मा शेल कंपनीचे पेट्रोल चार-चार गॅलनच्या डब्यांतून बैलगाडीने आणलेले होते. ते भरून विमान जुहूला पोहोचले. पुढचा मद्रासपर्यंतचा टप्पा व्हिन्सेंट यांनी केला.

या डब्याचे गणित करून पाहण्यासारखे आहे. कराची-अहमदाबाद हवाई अंतर सुमारे ५८० किलोमीटर. विमानाचा वेग ताशी १६० किलोमीटर धरला तर वारा नसताना साधारण तीन तास सदतीस मिनिटे लागतील. समोरून ताशी ३० किलोमीटरचा वारा आला की जमिनीवरून मोजलेला वेग १३० होतो आणि वेळ होते चार तास अठ्ठावीस मिनिटे. पन्नास मिनिटे जास्त! गणितापुरते ताशी पंचवीस लिटर पेट्रोल धरा. एकवीस लिटर जादा जळाले. चार गॅलनचा डबा म्हणजे अठरा लिटर. नुसत्या वाऱ्याने एक अख्खा डबा खाल्ला आणि वर थोडे. मोटारीत असे होत नाही, म्हणून मोटार चालवणाऱ्या माणसाला हे पटकन पटत नाही. विमानाची टाकी किलोमीटरमध्ये नव्हे, मिनिटांमध्ये मोजायची असते.

म्हणूनच आंतरराष्ट्रीय नियमांनुसार दिवसा, डोळ्यांनी जमीन बघत उडणाऱ्या छोट्या विमानाकडे मुक्कामी पोहोचल्यावरही किमान तीस मिनिटे पुरेल एवढे इंधन शिल्लक असावे लागते. रात्री पंचेचाळीस मिनिटे. मग टाकी काठोकाठ का भरू नये? कारण पेट्रोलला वजन आहे. माणसे, सामान आणि पेट्रोल यांत एक वाढले की दुसरे कमी करावे लागते, विशेषतः धावपट्टी आखूड आणि ऊन चाळिशीपार असेल तेव्हा.

टाकीत असूनही इंधन संपते?

होय, आणि हा प्रकार जास्त चुटपुट लावणारा. बऱ्याच छोट्या विमानांत दोन्ही पंखांत एकेक टाकी असते आणि कोणत्या टाकीतून इंधन घ्यायचे ते एका खटक्याने ठरते. एक टाकी कोरडी, दुसरी अर्धी भरलेली, आणि वैमानिक खटका फिरवायला विसरलेला, असे अपघात जगभर झाले आहेत. दुसरा शत्रू पाणी. अर्धवट भरलेल्या टाकीत रात्री दव धरते, पाणी पेट्रोलपेक्षा जड असल्याने तळाशी बसते. त्या काळी डब्यातले पेट्रोल मऊ चामड्यातून गाळून ओतत. आज टाकीच्या तळातून पारदर्शक नळीत थोडे इंधन काढून बघतात. काट्यावर भरवसा न ठेवता टाकीचे झाकण उघडून पट्टी बुडवून बघण्याची सवयही त्यातलीच. कंटाळवाणे काम आहे. म्हणूनच टाळले जाते.

इंजिन बंद पडल्यावर काय करतात?

विमान दगडासारखे खाली येत नाही. सेस्ना १७२ सारखे विमान एक हजार मीटरवरून, वारा नसताना, आठ-नऊ किलोमीटर तरंगत जाऊ शकते, मात्र त्यासाठी ठरावीक वेग राखावा लागतो. उतरण कमी करण्यासाठी नाक वर ओढण्याचा मोह होतो आणि तोच घातक. आधी वेग, मग शेत निवडायचे, मग टाकीचा खटका आणि बाकीच्या कळा तपासायच्या, वेळ उरला तर रेडिओवर बोलायचे. उड्डाण केल्याबरोबर इंजिन गेले तर धावपट्टीकडे वळण्याऐवजी जवळपास समोरच उतरायचे, असे शिकवतात.

खान्देशात शेत निवडणे ऋतूवर अवलंबून. गहू-हरभरा निघून गेल्यावरचे मोकळे रान, तासांच्या दिशेने, वाऱ्याला तोंड करून, हे उत्तम. पावसाळ्यात काळ्या मातीत चाक रुतून विमान पालथे होते. केळीची बाग वरून गादीसारखी दिसते, पण माणसाहून उंच असते. रस्ता सरळ दिसला तरी कडेच्या विजेच्या तारा वरून दिसत नाहीत. जेआरडींच्या कंपनीलाही पावसाने असेच शिकवले होते : जुहूचे मैदान भरतीच्या पाण्याखाली जाई, तेव्हा पावसाळ्यात सगळा मुक्काम पुण्याला हलवला जाई.

पुढे काय झाले?

एमी जॉन्सन ५ जानेवारी १९४१ रोजी खराब हवेत वाट चुकली आणि पॅराशूटने थेम्सच्या मुखाशी उतरताना बुडाली. विमानातले इंधन संपले असावे, असे मानले जाते. व्हिन्सेंट १९४२ मध्ये युद्धकाळातील प्रवासात विमानासह नाहीसे झाले. जेआरडी १९३८ मध्ये टाटा सन्सचे अध्यक्ष झाले, १९४८ मध्ये त्यांची एअर इंडिया इंटरनॅशनल लंडनला जाऊ लागली, १९५३ मध्ये विमानसेवेचे राष्ट्रीयीकरण झाले. तरी १९७८ पर्यंत एअर इंडियाचे अध्यक्षपद त्यांच्याकडेच राहिले. १९९२ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हात त्यांचे निधन झाले.

त्याआधी, १५ ऑक्टोबर १९८२ रोजी, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, पहिल्या टपालफेरीच्या पन्नाशीनिमित्त ते जुन्या लेपर्ड मॉथ विमानात पुन्हा बसले. मार्ग तोच, कराची ते मुंबई. विमान जुहूला उतरवले, तेही स्वतःच.